अर्ध्या चेहऱ्याचा उजेड : माहूरचा गाभारा ते फोटो-स्टुडिओ

माहूरच्या गडावर रेणुकेच्या गाभाऱ्यात उभे राहिले की समोर दिसतो तो केवळ एक चेहरा. धड नाही, हात नाहीत, आयुधे नाहीत; शेंदराने माखलेला, सुमारे पाच फूट उंचीचा तांदळा आणि त्यावरचे डोळे. ह्या रूपाची कथा मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. जमदग्नींच्या वधानंतर रेणुका माहूरला सती गेली. शोकाकुल परशुरामाला आकाशवाणीने सांगितले की तुझी आई भूमीतून वर येऊन तुला दर्शन देईल, मात्र तोवर मागे वळून पाहू नकोस. परशुरामाला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले, त्या क्षणी आईचे मुखच तेवढे वर आले होते, आणि ती तशीच राहिली. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले हे स्थान अशा रीतीने एका अपुऱ्या दर्शनावर उभे आहे.

दृश्यकलेच्या परिभाषेत बोलायचे, तर हे एक व्यक्तिचित्र आहे. शरीर वगळून चेहरा दाखवणे आणि त्या चेहऱ्यालाच सारे माणूस मानणे, ही व्यक्तिचित्राची मूळ अट माहूरच्या कथेने पुरी केलेली आहे. म्हणूनच ह्या लेखाचा प्रश्न आम्ही माहूरहून सुरू करीत आहोत : चेहरा आपल्याला दिसतो तो कोणत्या उजेडात? व्यक्तिछायाचित्राचा इतिहास बहुधा कॅमेऱ्यांचा, भिंगांचा आणि छायाचित्रकारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दिवा कुठे ठेवला होता, हे त्यात तळटीपेच्या जागी येते. आमच्या मते मात्र दिव्याच्या जागेनेच पुष्कळदा ठरवले आहे की कोणाचा चेहरा दिसावा, किती दिसावा आणि कोणाला तो 'चांगला' वाटावा.

प्रथम गाभाऱ्यातला उजेड पाहू. आज तेथे वीज आहे. पण ती येण्याआधी शतकानुशतके समईच्या वातीवरच हे दर्शन घडत आले. वात लहान, तिचा उजेड पिवळसर, आणि ती चेहऱ्याच्या अगदी जवळ. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा न होता एक चतुर्थांश होतो, हा प्रकाशाचा नियम. त्यामुळे जवळच्या वातीने चेहरा उजळतो आणि हातभर मागची भिंत काळोखात जाते. मागे काळा पडदा लावण्याची गरजच उरत नाही. दिवा एका बाजूला असला की नाकाची सावली दुसऱ्या गालावर पडते, कपाळाची गोलाई कळते, डोळ्यांच्या खोबणी खोल होतात. सपाट दगडालाही घडण येते ती ह्या सावलीने.

आणि मग आरती. निरांजन हातात घेऊन चेहऱ्यासमोर वर्तुळात फिरवले जाते तेव्हा सावल्याही फिरतात. ज्योत खाली असता मुख उग्र भासते, वर गेली की निवते. दगड तोच, पण मुद्रा बदलताना भक्त आपल्या डोळ्यांनी पाहतो. स्टुडिओत शिकाऊ छायाचित्रकाराला पहिला धडा असाच देतात : एकच दिवा घे, समोरच्या माणसाभोवती फिरव आणि काय काय बदलते ते बघ. आपल्या भाषेत ह्या क्रियेला एक जुना शब्द आहे, 'ओवाळणे'. आपण देवाला ओवाळतो, भावाला ओवाळतो, लढाईहून परतलेल्याला ओवाळीत असू. चेहऱ्याभोवती मुद्दाम दिवा फिरवून तो नीट पाहणे, ही रीत कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी घरोघर रुजलेली होती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. घरात दिवा बहुधा बाईच्या हातात असे आणि उजेड पुरुषाच्या चेहऱ्यावर. लग्न, डोहाळजेवण असे मोजके प्रसंग सोडले, तर तिच्या चेहऱ्याभोवती दिवा धरणारे कोणी नसे.

दुसरा उजेड वाड्याच्या चौकातला. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांसाठी केलेल्या टिपणांत चेहरा रंगवण्यासाठी भिंती काळ्या केलेले अंगण निवडावे, ऊन असेल तर वर कापड ताणावे, किंवा सांजवेळेचा नाहीतर ढगाळ दिवसाचा उजेड घ्यावा, अशी शिफारस केलेली आहे. मराठवाड्यातला जुना माळवदी वाडा ज्याने पाहिला आहे त्याला ह्या शिफारशीत नवे काही वाटणार नाही. मधला चौक आकाशाला उघडा, भोवती ओसरी, मागे जाड भिंतींच्या अंधाऱ्या खोल्या. ओसरीच्या कडेला बसलेल्या माणसावर चौकातला उजेड एका बाजूने, पसरून, मऊ होऊन येतो. उजेडाचे उगमस्थान चेहऱ्याच्या मानाने जितके मोठे तितकी सावलीची कड मऊ, हा आजच्या 'सॉफ्टबॉक्स'चा सिद्धान्त वाड्याच्या बांधणीत आधीच साधलेला होता.

छायाचित्रण युरोपात १८३९ साली जाहीर झाले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कलोडियनच्या ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यानंतर व्यक्तिचित्रांचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. त्या काळच्या काचांना उजेड फार लागे. चेहरा उमटायला कित्येक सेकंद जात, म्हणून बसणाऱ्याचे डोके मागून लोखंडी आधारात धरून ठेवीत. जुन्या छायाचित्रांतली माणसे इतकी गंभीर का, ह्याचे निम्मे उत्तर त्या लोखंडी आधारात आणि अपुऱ्या उजेडात आहे.

ह्याच गरजेतून काचेच्या छपराचे स्टुडिओ आले. युरोपीय पुस्तकांचा नियम असा की काच उत्तरेकडे असावी. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. हा नियम इकडे आला तेव्हा त्याला मुरड घालणे भाग होते. माहूर सुमारे पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पॅरिस-लंडनची 'उत्तरेची काच' आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात ऊन आत घेणार. तेव्हा पडदे, पांढरे कापड, वेळेची निवड ह्यांवाचून गत्यंतर नव्हते. तंत्र आयात होते, सूर्य आयात होत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना जुनी छायाचित्रे पुरावा म्हणून वापरावी लागतात, म्हणून आणखी एक बाब सांगणे आवश्यक वाटते. सुरुवातीच्या काचांना सगळे रंग दिसत नसत. त्यांना दिसे तो मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाश. तांबडा आणि नारिंगी त्यांच्या लेखी काळोखच. १८७३ मध्ये हेर्मान फोगेलने काचेला विशिष्ट रंगद्रव्ये लावून हिरव्या-पिवळ्याची जाण आणली, तरी तांबडा अंधारातच राहिला. सर्व रंग ओळखणाऱ्या 'पँक्रोमॅटिक' काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास. ह्याचा अर्थ काय होतो? निळीचे लुगडे छायाचित्रात फिके, जवळजवळ पांढरे उतरे. कुंकू काळा ठिपका होई. माहूरच्या शेंदरी मुखाचे कोणी त्या काळी छायाचित्र घेतले असते, तर आई काळ्या दगडाची आहे असेच पाहणाऱ्याला वाटले असते. आणि आपली सावळी, तांबूस-तपकिरी कातडी डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी काळी उमटे. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रावरून कोणाच्या वर्णाविषयी वा वस्त्राच्या रंगाविषयी विधान करणाऱ्याने हे विसरू नये.

ह्या अडचणीवर स्टुडिओंनी शोधलेले उपाय म्हणजे चेहऱ्यावर पावडर, समोरून जास्त उजेड आणि निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेली डागडुजी. उजळ दिसण्याची हौस समाजात आधीपासून होती हे खरे; पण तांत्रिक उणिवेने तिला कारागिरीची सबब मिळाली. 'चांगला फोटो म्हणजे गोरा फोटो' ही समजूत काचेच्या आंधळेपणातूनही आलेली आहे. पुढे विसाव्या शतकात रंगीत फिल्म आली तेव्हाही तोच प्रकार झाला. रंग बरोबर उतरले की नाही हे ताडण्यासाठी प्रयोगशाळांना जी नमुना-कार्डे मिळत, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला म्हणजे सगळे बरोबर.

१९४८ पर्यंत माहूर हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या संस्थानातला सर्वांत नामांकित छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. १८४४ साली सरधना येथे जन्मलेले, रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेले दीनदयाळ पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता, १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ उघडला. त्याला उंच भिंती होत्या आणि कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे होता. पडद्यातल्या स्त्रीवर उजेड पडावा, पण परपुरुषाची नजर पडू नये, अशी ही व्यवस्था. प्रकाशरचना ही सामाजिक रचना असते ह्याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधायला नको.

पण त्या भिंतींच्या आत जाणाऱ्या स्त्रिया उमराव घराण्यांतल्या. माहूरच्या डोंगरात शेतावर राबणारी, नवरात्रात गड चढणारी बाई त्या काचघरापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. संस्थानाचे इतके तपशीलवार दर्शन अन्यत्र मिळत नाही. तरी संस्थानातल्या बहुसंख्य बायकांचे चेहरे त्या उजेडाच्या कक्षेत कधी आलेच नाहीत, हेही त्याच काचा सांगतात.

तिसरा उजेड माणसाने पेटवलेला. मॅग्नेशियमची झगझगीत पूड १८८७ मध्ये जर्मनीत आली. ती पेटवली की क्षणभर डोळे दिपत, धूर होई, कधी भाजण्याचीही भीती. १९२९ पासून काचेचे फ्लॅश-बल्ब मिळू लागले. विजेच्या दिव्यांनी मात्र चेहऱ्याचे व्याकरण घडवले ते चित्रपटगृहाच्या वाटेने. आपल्याकडे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत होते. फोटो काढला की आयुष्य घटते, अशा समजुतीशी त्यांनाही झगडावे लागले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. पडद्यावर जे उजळले ते पुढे स्टुडिओतल्या खुर्चीवर बसणाऱ्याला हवेसे वाटू लागले.

ह्या व्याकरणाची मूळ रूपे चार-पाचच आहेत. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका अंगाला सुमारे पंचेचाळीस अंशांवर आणि डोळ्यांच्या बराच वर ठेवला, तर नाकाची सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. ह्याला डच चित्रकाराच्या नावाने 'रेम्ब्रांट' रचना म्हणतात. तोच दिवा थोडा समोर आणला की नाकाची छोटी तिरकी सावली पडते. ती बहुतेक चेहऱ्यांना मानवते. दिवा थेट समोर आणि उंच ठेवला, तर नाकाखाली फुलपाखरासारखी सावली येते, गालफडे उठून दिसतात. १९३० च्या दशकात हॉलिवुडने मार्लेन डीट्रिकसारख्या नट्यांसाठी ही रचना लाडकी केली. दिवा अगदी कडेला नेला की निम्मा चेहरा उजेडात, निम्मा अंधारात. ह्यांपैकी कोणत्याही रचनेत सावली किती गडद ठेवायची हे दुसरा, पूरक दिवा ठरवतो. दिवा नसेल तर पांढरे थर्मोकोलही चालते. आणि केस मागच्या पडद्यात मिसळून जाऊ नयेत म्हणून मागून एक तिसरा दिवा.

रेम्ब्रांटच्या नावाविषयी एक हकीकत सांगितली जाते. १९१५ च्या 'द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया' ह्या चित्रपटात दिग्दर्शक सेसिल बी. डेमिल ह्यांनी नटाच्या चेहऱ्याची एक बाजू अंधारात ठेवली. विक्रीची बाजू सांभाळणारे घाबरले : चेहरा निम्माच दिसतो, तर पैसेही निम्मेच मिळतील! डेमिल ह्यांनी कळवले की हा 'रेम्ब्रांट उजेड' आहे; आणि चित्रपटगृहवाल्यांकडून दाम उलट वाढवून घेण्यात आले. हकीकत विनोदी आहे, पण सावलीला प्रतिष्ठा लाभण्यासाठी मोठ्या नावाचा आधार लागतो, हे त्यातले सत्य विनोदी नाही. ज्यांच्यामागे असे नाव नसते त्यांच्या चेहऱ्यावरची सावली ही चूकच मानली जाते.

ह्याचा अनुभव आम्ही घरातच घेतला. आमची आजी माहूर-किनवट भागातली. तिच्या हयातीत तिचे दोनच फोटो निघाले. एक मतदार ओळखपत्रासाठीचा. ओळखपत्रे १९९३ नंतर निघू लागली, आणि तिच्या वयाच्या कित्येक बायका त्या निमित्ताने आयुष्यात प्रथमच कॅमेऱ्यासमोर बसल्या. दुसरा, एका आतेभावाने ओसरीत दुपारी काढलेला. आजी सुपात काही निवडीत बसली आहे, दाराकडून उजेड येतो आहे, डावा गाल उजळला आहे आणि उजवा माजघराच्या अंधारात गेला आहे. आजी गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी फोटो निवडायची वेळ आली तेव्हा वडिलांनी तो दुसरा हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाले, "अगं, ह्यात आईचं अर्धं तोंडच दिसत नाही. लोक काय म्हणतील?" मग ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतला. दुकानदाराने आपणहून मागे निळा पडदा घातला, सुरकुत्या पुसल्या, वर्ण उजळला आणि कपाळावरचे गोंदण घालवले. हार घातलेल्या त्या चौकटीतल्या बाईला आम्ही आजी म्हणतो, कारण तसे ठरले आहे.

वडिलांचा दोष आम्ही मानीत नाही. ओळखपत्राच्या फोटोचा नियमच असा असतो की चेहऱ्यावर आणि मागे सावली नको, उजेड सर्वत्र सारखा हवा. २०१० साली पहिले आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले; त्यानंतर देशातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा चेहरा अशाच सपाट उजेडात एकदा तरी टिपला गेला. इतिहासात प्रथमच सर्वांवर उजेड पडला, हे लहान काम नव्हे. दीनदयाळांच्या काचघराबाहेर राहिलेली बाई अखेर नोंदली गेली. परंतु हा उजेड ओळख पटवण्यासाठी आहे, ओळख होण्यासाठी नाही. तो दोन डोळ्यांतले अंतर सांगतो. त्या डोळ्यांखाली काय साचले होते ते सांगत नाही, कारण ते सांगण्याचे काम सावलीचे.

मराठीत 'व्यक्तिचित्र' हा शब्द आपण चित्राला वापरतो आणि लेखनालाही. हा योगायोग उपयोगी आहे. गौरवग्रंथांतले लेख वाचताना, दोन्ही बाजूंनी समान दिवे लावून काढलेल्या फोटोंची आठवण होते. कुठेच सावली नाही, म्हणून कुठेच घडण नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, तिचे मोल ह्या संदर्भात जाणवते. शिवाजीमहाराजांकडे अवताराच्या झगमगाटात न पाहता माणूस म्हणून, अडचणींच्या आणि मर्यादांच्या पार्श्वभूमीवर पाहावे, हा आग्रह म्हणजे एका अर्थी दिवा बाजूला नेण्याचा आग्रह आहे. बाजूने पडलेल्या उजेडात थोरवी कमी होत नाही. तिची उंची कळते.

पुन्हा माहूरकडे वळू. परशुरामाच्या अधीरतेची कथा आपण चुकीची कथा म्हणून सांगतो : त्याने थांबायला हवे होते, मग आई पूर्ण दिसली असती. पण त्या अपुऱ्या दर्शनाला इतकी शतके कोणी उणे मानलेले नाही. नवरात्रात हजारो माणसे गड चढतात, विड्याचा कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून घेतात, आणि समोर जेवढे मुख वर आले आहे तेवढ्यालाच आई म्हणून हाक मारतात. उरलेली आई भूमीत आहे हे त्यांना ठाऊक असते. देवीच्या बाबतीत जे आपण इतक्या सहजपणे मान्य करतो, ते घरातल्या बाईच्या बाबतीत मान्य करायला कचरतो.

मागच्या दिवाळीत ओसरीतला तो फोटो आम्ही ट्रंकेतून काढला आणि काहीही दुरुस्त न करता मढवून घेतला. तो हार घातलेल्या चौकटीशेजारी टांगताना वडील काही बोलले नाहीत. भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळून झाल्यावर आत्याने ताट खाली ठेवले नाही. ती भिंतीशी गेली आणि निरांजन त्या फोटोसमोर धरले. काचेवर ज्योतीचा ठिपका हलला. उजव्या गालावरचा अंधार होता तसाच राहिला, आणि कपाळावरचे गोंदण दिसले.